घटस्फोटोत्तर पेन्शनचा वांटा व निवाड्यांतील अनुल्लेख

१. विषयप्रवेश.— दस्तऐवजांत एखादी गोष्ट लिहिलेली नसली म्हणजे तिचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न इतिहाससंशोधकांस पदोपदीं पडतो. वांटणीपत्रांत एखाद्या शेताचा उल्लेख नसला, तर तें शेत त्या वेळीं त्या घराकडे नव्हतें असें समजावें, कीं लिहिणारास तें लिहिण्याचें कारण पडलें नाहीं असें समजावें? केवळ अनुल्लेखावरून काढलेलें अनुमान दुर्बळ असतें, हा आपल्या शास्त्रांतील सर्वमान्य दंडक आहे. परंतु हाच प्रश्न जेव्हां जिवंत माणसाच्या उदरनिर्वाहाशीं येऊन भिडतो, तेव्हां अनुमान दुर्बळ आहे एवढें म्हणून थांबतां येत नाहीं. कोणीतरी निकाल द्यावा लागतो, व त्या निकालावर कोणाचें तरी म्हातारपण अवलंबून असतें. घटस्फोट होऊन पुष्कळ वर्षें लोटल्यावर पूर्वीच्या नवऱ्याच्या पेन्शनमध्यें वांटा मागणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न हा या प्रकारचा आहे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत त्याचा फार खल झाला असल्यामुळें मुख्यत्वें तेथील इतिहास येथें दिला आहे, व आपल्याकडील शास्त्र आणि कायदा यांशीं त्याचा जेथें खरोखर संबंध पोंचतो तेथें तो दाखविला आहे.

२. १९८० चा निकाल.— कॅलिफोर्निया संस्थानांत इ. स. १९७१ सालीं एका दांपत्याचा विवाह न्यायालयामार्फत मोडला. नवऱ्यानें सैन्यांत नोकरी केली होती व तीबद्दल त्याचा सरकारी पेन्शनवर हक्क होता. निवाड्यांत समाईक मालमत्तेची वांटणी झाली. परंतु या पेन्शनचा त्यांत एका शब्दानेंही उल्लेख आला नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं त्या स्त्रीनें न्यायालयांत जाऊन, पेन्शनपैकीं आपला वांटा राहून गेला आहे तो मिळावा अशी मागणी केली. नवऱ्याचें म्हणणें असें कीं, निवाडा कायम झाला, त्या वेळीं हें मागतां आलें असतें, मागितलें नाहीं, सबब आतां तो विषय संपला. संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९८० सालीं 'हेन विरुद्ध हेन' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या निकालांत हें म्हणणें अमान्य केलें. न्यायालयाचा मुद्दा थोडक्यांत असा: समाईक मिळकतींतील बायकोचा हक्क निवाड्यानें उत्पन्न होत नाहीं, ती मिळकत ज्या वेळीं कमावली जाते त्याच वेळीं तो उत्पन्न होतो. मागून येणारा निवाडा अगर उभयतांचा करार एवढाच त्यास बदलूं शकतो. ज्या जिनसेविषयीं निवाडा मुका आहे, ती जिन्नस अविभक्त राहिली. आणि नवराबायको हें नातें संपलें तरी तिच्यापुरते ते दोघे समाईक मालक राहिले.

३. या तत्त्वाचें मूळ.— बायको ही कमाईच्या क्षणापासूनच अर्ध्याची मालकीण, हें तत्त्व इंग्रजी विधींत नाहीं. इंग्रजी विधीप्रमाणें विवाहानंतर स्त्रीचें स्वतंत्र अस्तित्वच नवऱ्याच्या अस्तित्वांत लीन होत असे. कॅलिफोर्नियांत हें तत्त्व आलें तें स्पेनमधून. व्हिसिगॉथ राजा रेसेस्विंथ यानें इ. स. ६५४ सालीं जो विधिग्रंथ जारी केला, त्याच्या चौथ्या भागांत, विवाहानंतर उभयतांनीं मिळविलेलें धन ज्याच्या त्याच्या मिळकतीच्या प्रमाणांत दोघांचें समजावें असा नियम आहे. तेराव्या शतकांत या ग्रंथाचें कॅस्टाइलच्या देशभाषेंत भाषांतर झालें, आणि त्याच शतकांत दहाव्या आल्फान्सो राजाच्या कायद्यानें प्रमाणाचा भाग जाऊन निमेनिम वांटणी रूढ झाली. स्पॅनिश सत्तेबरोबर तें मेक्सिकोंत गेलें. ता. २ फेब्रुवारी १८४८ च्या तहानें कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून संयुक्त संस्थानांकडे आला, आणि पुढच्याच वर्षीं माँटरे येथें भरलेल्या सभेनें नव्या संस्थानाची घटना तयार करितांना जुनी वहिवाट राखिली. सातव्या शतकांतील गॉथ राजाचा नियम विसाव्या शतकांतील सैनिकाच्या पेन्शनवर लागू झाला तो असा. राज्यें बुडतात, भाषा बदलतात, पण मिळकतीच्या वांटणीचे नियम फार चिवट असतात, हें वतनांचे कागद पाहणारांस नव्यानें सांगावयास नकोच.

४. आपल्या शास्त्रांतील सादृश्य.— वांटणीनंतर उघडकीस आलेल्या धनाचें काय करावें, याचा विचार आपल्या स्मृतिकारांनींही केला आहे. ऋण व धन यांची यथाविधि वांटणी झाल्यावर मागून जें कांहीं आढळेल तें सर्व समान वांटून घ्यावें, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. व याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत, भावाभावांनीं एकमेकांपासून लपविलेलें द्रव्य पुढें दिसून आल्यास तेंही पुन्हां समभागानें वांटावें असा नियम आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें या वचनावर विस्तृत चर्चा करून, समाईक धन लपविणारा स्वतः त्याचा अंशतः मालक असला तरी दोषमुक्त होत नाहीं, असा निर्णय केला आहे. 'एकदां वांटणी झाली, आतां कांहीं बोलूं नये' हें म्हणणें राहून गेलेल्या जिनसेस लागू पडत नाहीं, हें तत्त्व कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांच्या आधीं कित्येक शतकें आपल्याकडे प्रस्थापित होतें.

मात्र हे नियम दायादांकरितां आहेत, पतिपत्नींकरितां नाहींत. पतिपत्नींविषयीं आपस्तंबधर्मसूत्राचें म्हणणें निराळें व मोठें मार्मिक आहे. जायापतींमध्यें विभाग नाहीं. कारण पाणिग्रहणापासून कर्मांत, पुण्यफलांत आणि द्रव्यसंपादनांतही त्यांचें सहत्व असतें, असें तें सूत्र सांगतें. द्रव्यसंपादनांतील हें सहत्व म्हणजे गॉथ राजाच्या नियमाचें जवळजवळ तेंच बीज होय. फरक एवढाच कीं, आपल्याकडे त्या बीजापासून वांटणीचा वृक्ष वाढला नाहीं. ज्या विवाहाचा उच्छेदच शास्त्रास संमत नव्हता, त्याच्या उच्छेदानंतरची वांटणी कोण सांगणार? 'घटस्फोट' हा शब्दसुद्धां मुळांत पतितास जातिबाह्य करितांना घडा उपडा करण्याच्या विधीचा आहे. विवाहमोडीस तो मागाहून लागला. ज्या जातींत पाट व काडीमोड चालू होती, त्यांच्या रूढी आर्थर स्टील यानें १८२७ सालीं छापून निघालेल्या आपल्या संग्रहांत टिपल्या आहेत. त्यांत सोडचिठ्ठीचा मुख्य भर स्त्री पुनः पाट लावण्यास मोकळी झाली यावर आहे. गत संसारांत तिनें मिळविण्यास हातभार लाविलेल्या धनावर नाहीं.

५. पेन्शन म्हणजे मेहेरबानी कीं मिळकत.— वांटा मागावयाचा तर ज्याचा वांटा मागावयाचा ती वस्तु मिळकत आहे असें आधीं ठरलें पाहिजे. आणि पेन्शनच्या बाबतींत घोडें बरेच दिवस येथेंच अडलें होतें. देणाराच्या दृष्टीनें पेन्शन ही मेहेरबानी होती. महाराष्ट्रास याचें ठळक उदाहरण ठाऊक आहे. १८१८ च्या जूनमध्यें दुसऱ्या बाजीरावानें माल्कमच्या स्वाधीन होतांना सालीना आठ लक्ष रुपयांहून कमी नाहीं इतकी नेमणूक ठरवून घेतली; परंतु १८५१ च्या जानेवारींत तो वारल्यावर, ती नेमणूक त्याच्या हयातीपुरतीच होती असें ठरवून कंपनी सरकारनें नानासाहेबास ती नाकारली. करारांतील शब्दांचा अर्थ करणारा आणि पैसे देणारा एकच असला म्हणजे काय होतें, तें यांत दिसतें. पुढें १८७१ च्या तेविसाव्या ॲक्टानें पेन्शनविषयींचे दावे दिवाणी कोर्टांनीं चालवूं नयेत, सरकारी पेन्शनवर जप्ती येऊं नये, व पुढें मिळावयाच्या पेन्शनची कोणीं नेमणूक करून दिल्यास ती रद्द समजावी, असे नियम घालून दिले. म्हाताऱ्या नोकराच्या तोंडचा घांस सावकारानें काढूं नये हा त्यांतील हेतु स्तुत्य होता. परंतु त्याच भिंतीच्या बाहेर त्या नोकराची बायकोही राहिली.

अमेरिकेंतही प्रथम असेंच झालें. अद्याप पूर्ण परिपक्व न झालेला पेन्शनचा हक्क ही केवळ आशा होय, मिळकत नव्हे, असें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४१ सालीं ठरविलें. हा निकाल पस्तीस वर्षें टिकला. १९७६ सालीं ब्राउन दांपत्याच्या प्रकरणांत तो फिरला. नवरा टेलिफोन कंपनींत नोकर असून पेन्शनचा हक्क पक्का होण्यास ७८ गुण लागत. पतिपत्नी विभक्त झालीं तेव्हां ७२ गुण जमले होते. जुन्या निकालाप्रमाणें सहा गुण कमी म्हणून बायकोस कांहींच नाहीं! न्यायालयानें म्हटलें कीं, पेन्शन ही झालेल्या कामाचीच मागाहून द्यावयाची मजुरी होय. म्हणून संसार चालू असतांना झालेल्या कामाच्या प्रमाणांत ती समाईक आहे. गणिताची सामान्य रीत अशी: नोकरी वीस वर्षांची व त्यांपैकीं संसाराचीं वर्षें बारा, तर पेन्शनचा पांचांत तीन हिस्सा समाईक, त्याची निमे म्हणजे शेंकडा तीस बायकोचे.

आपल्याकडे हा बदल निराळ्या वाटेनें झाला. १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणांत व ता. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नाकारा यांच्या प्रकरणांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें, पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची देणगी नसून नोकराचा हक्क आहे असें सांगितलें. पण हा हक्क नोकराचा सरकाराविरुद्ध ठरला. जोडीदाराच्या वांट्याचा प्रश्न त्यांत नव्हता.

६. दार उघडणें व लागणें.— अमेरिकन सैनिकांच्या पेन्शनची हकीकत यापुढें फार वेगानें फिरली. ता. २६ जून १९८१ रोजीं मॅकार्टी प्रकरणांत संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें असें ठरविलें कीं, सैनिकाचें पेन्शन मध्यवर्ती कायद्याचें असल्यामुळें संस्थानांच्या न्यायालयांस तें समाईक मिळकत म्हणून वांटतां येत नाहीं. तें वांटावें असें काँग्रेसला वाटत असेल तर काँग्रेसनें कायदा करावा. काँग्रेसनें तो लवकरच केला. ता. ८ सप्टेंबर १९८२ रोजीं मंजूर होऊन १ फेब्रुवारी १९८३ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें संस्थानांस ही वांटणी करण्याची मोकळीक दिली, आणि ती मॅकार्टी निकालाच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे २५ जून १९८१ पासून लागू धरली. ज्या विवाहाचीं दहा वर्षें नोकरीच्या दहा वर्षांशीं जुळतात, तेथें सरकारी खजिन्यांतून परस्पर पैसे देण्याची सोय त्यांत आहे. हा दहा वर्षांचा नियम केवळ परस्पर भरण्यापुरता आहे. मूळ हक्कास तो लागू नाहीं. या दोहोंची गल्लत होऊन पुष्कळांचा गैरसमज झालेला दिसतो.

आतां ज्यांचे निवाडे जुने व पेन्शनविषयीं मुके होते, अशा स्त्रिया न्यायालयांत येऊं लागल्या. कॅलिफोर्नियानें स्वतंत्र कायदा करून, १९८१ चा निकाल व १९८३ चा अंमल यांच्या मधल्या काळांत कायम झालेले निवाडे पुन्हां उघडण्यास १९८५ अखेरपर्यंत मुदतही दिली. दुसऱ्या बाजूनें पेन्शनरांची ओरड सुरू झाली. आणि ती सर्वस्वीं निराधार होती असें म्हणवत नाहीं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं संपलेल्या संसाराचा हिशेब मिटला असें समजून माणसानें दुसरें घर केलेलें असतें. पेन्शन आपल्याकडे राहणार म्हणूनच त्यानें पूर्वीं घर तिला सोडून दिलें असेल. निवाड्यांत तें लिहिलेलें नाहीं एवढेंच. निवाडा कधींतरी शेवटचा झालाच पाहिजे, हेंही न्यायाचें एक अंग आहे. १९९० सालीं काँग्रेसनें कायदा दुरुस्त केला. २५ जून १९८१ च्या पूर्वीं कायम झालेल्या निवाड्यांत पेन्शनची वांटणी केलेली नसेल, व पुढें ती करण्याचा अधिकारही न्यायालयानें राखून ठेवलेला नसेल, तर त्या निवाड्याखालीं आतां पेन्शन वांटतां येणार नाहीं असें ठरलें. १९७१ च्या ज्या मुक्या निवाड्याचा अर्थ कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें 'हक्क शिल्लक आहे' असा केला होता, त्याच जातीच्या निवाड्याचा अर्थ, सैनिकी पेन्शनपुरता, कायद्यानें 'हक्क संपला' असा करून टाकला. कागद तोच, मौन तेंच. अर्थ मात्र दहा वर्षांत उलटा झाला.

७. लिहिलेलेंही पुरत नाहीं.— येथपर्यंत न लिहिलेल्या गोष्टीचा विचार झाला. लिहिलेल्या गोष्टीचीही शाश्वति नसते, हें दुसऱ्या दोन प्रकरणांवरून दिसून येईल. हाउएल प्रकरणांत १९९१ च्या घटस्फोटाच्या निवाड्यानें बायकोस हवाई दलांतील नवऱ्याच्या पेन्शनचा अर्धा वांटा स्पष्ट दिला होता. पुढें १९९२ सालीं नवरा निवृत्त झाला, व सुमारें तेरा वर्षांनीं त्यास अपंगत्वाचा भत्ता मंजूर झाला. नियमाप्रमाणें त्यानें तेवढी पेन्शनची रक्कम, महिना सुमारें २५० डॉलर, सोडून दिली. आणि तिचा वांटा आपोआप १२५ डॉलरांनीं उतरला. ही तूट नवऱ्यानें भरून द्यावी असें संस्थानाच्या न्यायालयानें सांगितलें. पण १९८९ च्या मॅन्सेल निकालाच्या आधारें १५ मे २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला.

दुसरें प्रकरण खाजगी कंपनीच्या बचत-योजनेचें. १९९४ च्या घटस्फोटांत केनेडी नांवाच्या बाईनें नवऱ्याच्या योजनेंतील आपला सर्व हक्क सोडल्याचें लिहून दिलें. परंतु कंपनीच्या दप्तरांतील वारसनोंदीचा कागद नवऱ्यानें बदललाच नाहीं. २००१ सालीं तो वारला, आणि सुमारें चार लक्ष दोन हजार डॉलर कंपनीनें तिलाच दिले. जानेवारी २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कंपनीचें करणें बरोबर ठरविलें: देणारानें आपल्या दप्तरांतील कागद पाहावा, बाहेरचा सोडपत्राचा कागद त्याला बांधील नाहीं. एका घटस्फोटाचे असे दोन दप्तरांत दोन कागद, व दोहोंचा अर्थ परस्परविरुद्ध! खाजगी पेन्शनांपुरती मात्र उशिराची अडचण कायद्यानें दूर केली आहे. १९८४ च्या कायद्यानें, न्यायालयाचा विवक्षित प्रकारचा हुकूम असल्यास पेन्शनचा वांटा परस्पर माजी जोडीदारास द्यावा असें ठरलें. व २००६ च्या कायद्यानें, असा हुकूम केवळ उशिरां झाला एवढ्याच कारणानें तो नापात्र ठरवूं नये असें स्पष्ट केलें.

तिसरा मार्ग सार्वजनिक वृद्धवेतनाचा. १९६५ सालीं वीस वर्षें संसार केलेल्या घटस्फोटितेस पूर्वीच्या नवऱ्याच्या खात्यावरून स्वतंत्र वेतन मिळूं लागलें, व १९७७ च्या दुरुस्तीनें वीसाचीं दहा वर्षें झालीं. येथें नवऱ्याच्या रकमेस हात लागत नाहीं. म्हणून कज्जाही होत नाहीं, आणि जुन्या निवाड्यांत काय लिहिलें होतें हें कोणी विचारीतही नाहीं.

८. भारत व गोमंतक.— आपल्याकडील स्थिति यांहून निराळी आहे. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं व मुंबई प्रांतानें १९४७ सालीं हिंदूंकरितां घटस्फोटाचे कायदे केले. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तो अधिकार सर्व देशभर झाला. या कायद्यांतील पंचविसाव्या कलमांत, हुकूमनाम्याच्या वेळीं 'किंवा त्यानंतर केव्हांही' कायमच्या पोटगीची मागणी करितां येईल असे शब्द आहेत. म्हणजे उशिराच्या मागणीचें दार आपल्याकडे कायद्यानेंच उघडें ठेवलें आहे. परंतु त्या दारांतून मिळतें तें अन्नवस्त्र; पेन्शनमधील मालकीचा वांटा नव्हे. पेन्शन हें नवऱ्याच्या ऐपतीचें एक माप म्हणून पाहिलें जातें, तिच्या श्रमाचें फळ म्हणून नव्हे. घटस्फोटिता ही कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या दृष्टीनें कुटुंबांतही मोडत नाहीं. म्हणून तो माजी नवरा वारल्यावर तिचें पाऊल अधिकच लटपटतें.

गोमंतकाची गोष्ट मात्र वेगळी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथें १८७० पासून लागू झाली. १९१० च्या पोर्तुगीज कायद्यानें घटस्फोट आला. आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही १९६२ च्या कायद्यानें हे विधि कायम राहिले. त्यांप्रमाणें विवाहापूर्वीं निराळा करार झाला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता समाईक, व विवाह मोडल्यास निमेनिम. कॅलिफोर्नियाचा नियम ज्या इबेरियन द्वीपकल्पांतून पश्चिमेकडे गेला, त्याच द्वीपकल्पांतून त्याचें भावंड पूर्वेकडे मांडवीच्या तीरीं आलें. मराठी बोलणाऱ्या प्रदेशाच्या एका कोंपऱ्यांत बायकोची मालकी, व उरलेल्या भागांत बायकोची पोटगी, असा हा भेद आज एकाच राष्ट्रांत नांदत आहे.

९. निष्कर्ष.— वरील सर्व हकीकतीवरून आमचें मत असें झालें आहे. वांटणीचा कागद हक्क निर्माण करीत नाहीं; असलेला हक्क तो मोजून देतो. म्हणून कागदानें जें मोजलें नाहीं तें नष्ट झालें असें म्हणतां येत नाहीं. सोडणाऱ्यानें सोडलें असेल तर तसें त्याच्या शब्दांत दिसलें पाहिजे. मौनास सोडपत्र मानूं नये. फारखतीचा अर्थच मुळीं, मोकळें केल्याचें खत. खत नाहीं तर फारखत नाहीं. निवाड्याच्या शेवटपणाची गरज आम्हांस मान्य आहे. परंतु ती भागविण्यास मुदतीचा स्पष्ट नियम पुरे आहे. आधीं जाहीर केलेली मुदत ही एक गोष्ट, आणि मागाहून कायदा करून जुन्या मौनाचा अर्थ फिरविणें ही दुसरी. बाजीरावाच्या वारसास जें बोचलें तें हेंच.

शेवटीं, संग्राहकांस एक विनंति. शिक्के-मोर्तबाचे मोडी कागद आपण जिवापाड जपतों. पण त्याच दप्तराच्या तळाशीं पडलेल्या एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील सोडचिठ्ठ्या, पोटगीचे हुकूमनामे, पेन्शनचीं पुस्तकें, वारसनोंदीच्या नकला रद्दींत जातात. त्यांची यादी करितांना मजकुराबरोबरच पुरवण्या, तारखा व कोणत्या जिनसेचा उल्लेख नाहीं हेंही टिपून ठेवावें; आणि जीं सोडपत्रें पाट-काडीमोडीच्या काळचीं असून त्यांत धनाचा विचार केलेला आहे, तीं अवश्य प्रसिद्ध करावीं. जुन्या कागदावरून मेलेल्या माणसांची हकीकत कळते, तशी एखाद्या जिवंत म्हातारीची भाकरीही त्यावरून ठरूं शकते.